संमतीशिवाय पसरवलेली खासगी छायाचित्रे इंटरनेटवरून कशी काढून घ्यावीत?

वैदेही_नाशिक

माझ्या बहिणीच्या मुलीसाठी हा धागा काढत आहे आणि तो तिला विचारूनच काढत आहे. ती सज्ञान आहे, नोकरी करते. तिचा ठरलेला विवाह मोडला. त्यानंतर त्या मुलाने, विश्वासाच्या काळात तिने स्वतःच त्याला पाठवलेली काही छायाचित्रे तिच्या नावाने उघडलेल्या एका खोट्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकली. त्यातलीच काही परदेशातल्या एका अश्लील संकेतस्थळावर तिच्या नावासह आणि गावासह दिसत आहेत. त्या पानाचा दुवा आमच्या नात्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटापर्यंत पोहोचल्यावर आम्हाला हे सगळे कळले.

तिला दोन गोष्टींची फार भीती वाटते. पहिली म्हणजे तक्रार करायची तर तीच छायाचित्रे पुन्हा दहा अनोळखी माणसांना दाखवावी लागतील. दुसरी म्हणजे पोलिसांत गेल्याशिवाय काहीच होणार नाही आणि पोलिसांत गेल्यावर गावभर होईल. तिच्या वडिलांना अजून सांगितलेले नाही. खटला, शिक्षा हे पुढचे पुढे पाहू, आधी ती छायाचित्रे तिथून निघाली पाहिजेत, एवढेच तिचे म्हणणे आहे. ज्यांना या कामाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रशासक

या धाग्यावर कोणीही संबंधित संकेतस्थळाचे नाव, दुवा, खात्याचे नाव किंवा व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील देऊ नये. मदतीच्या हेतूने दिलेला दुवासुद्धा त्या पानावर आणखी माणसे नेतो. असे प्रतिसाद न विचारता काढले जातील.

अनघा_वकील

वैदेहीताई, तुमच्या भाचीने जे म्हटले आहे ते कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. छायाचित्रे काढून घेणे आणि गुन्हेगाराला शिक्षा होणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्यासाठी दुसऱ्याची वाट पाहण्याचे काहीही कारण नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली 'एफआयआर झाल्याशिवाय कंपनी ऐकत नाही' असे ऐकून आलेल्या असतात. प्रत्यक्षात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ३(२)(ख) असे सांगतो की एखाद्या व्यक्तीचे गुप्तांग, पूर्ण किंवा अंशतः नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर, तसेच तिचे सोंग घेणारा किंवा कृत्रिमरीत्या बदललेली प्रतिमा वापरणारा मजकूर, यांबद्दल तक्रार आली की समाजमाध्यम कंपनीने तो काढण्यासाठी सर्व वाजवी उपाय करायचे आहेत. त्यासाठी २०२१ मध्ये २४ तासांची मुदत घातली होती आणि नंतरच्या दुरुस्तीने ती आणखी आखूड झाली आहे. न्यायालयाचा आदेश किंवा पोलिसांचे पत्र जोडण्याची अट या नियमात नाही. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की ही तक्रार ती व्यक्ती स्वतः करू शकते किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही करू शकते, म्हणजे मावशी म्हणून तुम्ही ती करू शकता.

खात्यावर असलेले 'रिपोर्ट'चे बटण दाबाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याला लेखी तक्रार पाठवा, तीत नियम ३(२)(ख) चा स्पष्ट उल्लेख करा, प्रत्येक पोस्टचा वेगळा दुवा द्या आणि 'हे छायाचित्र माझ्या संमतीविना प्रसिद्ध केले आहे' हे एक सरळ वाक्य लिहा. तक्रारीला छायाचित्र जोडण्याची गरज नसते, कारण दुवा उघडला की ते त्यांना दिसतेच. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्थापन केलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते.

मात्र या सगळ्याच्या आधी एक काम उरकून घ्या. पुरावा जपा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वरचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसू द्या. खोट्या खात्याचे नेमके वापरकर्तानाव आणि दुवा लिहून ठेवा, त्या मुलाबरोबरचे संवाद पुसू नका, धमकीचा एखादा संदेश असेल तर तो फोनमध्ये मूळ रूपात राहू द्या. घाईघाईने तक्रार केली आणि खाते नाहीसे झाले की नंतर ते कोणते खाते होते हेच सांगता येत नाही. कंपनीने मजकूर काढल्यानंतरही त्याची नोंद तपासासाठी १८० दिवस जपणे नियमांनुसार बंधनकारक आहे, पण ती नोंद मागताना पोलिसांच्या हाती नेमका दुवा असावा लागतो. स्क्रीनशॉटसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र पुढे लागेल. त्याची चिंता आज करू नका.

पोलिसांविषयी स्वतंत्र प्रतिसाद लिहिते, कारण त्याबद्दलची भीती खरी आहे आणि ती दोन ओळींत उडवून लावण्यासारखी नाही.

कळफलक

अनघाताईंनी एकेक दुवा काढायची वाट सांगितली. तीच छायाचित्रे नव्या खात्यावरून पुन्हा चढवली जाऊ नयेत यासाठीची वाट मी सांगतो, कारण माझे काम याच्याशी संबंधित आहे.

'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक मोफत सेवा आहे. ब्रिटनमधल्या रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइनने डिसेंबर २०२१ मध्ये ती सुरू केली आणि भारतातूनही ती वापरता येते. भाचीची पहिली भीती तिथे लागू होत नाही, कारण छायाचित्र तिच्या फोनबाहेर जातच नाही. ब्राउझर फोनमध्येच त्या चित्रावर गणित करून आकड्यांची आणि अक्षरांची एक ओळ तयार करतो, तिला हॅश म्हणतात, आणि फक्त ती ओळ पुढे पाठवली जाते. त्या ओळीवरून चित्र परत घडवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट, स्नॅपचॅट, बंबल यांसारख्या सहभागी सेवा आपल्याकडे चढवल्या जाणाऱ्या चित्रांशी ही ओळ ताडून पाहतात आणि जुळली की ते चित्र तपासून रोखतात. मायक्रोसॉफ्टचे बिंग हे शोधयंत्रही २०२४ पासून हे हॅश वापरते. ज्या व्यक्तीचे छायाचित्र आहे तिने स्वतःच हे करायचे असते आणि तिचे वय १८ पूर्ण असावे लागते. शेवटी एक प्रकरण क्रमांक आणि एक पिन मिळतो. ही जोडी कागदावर लिहून ठेवा, कारण ती हरवली तर परत मिळत नाही.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चित्र थोडेफार लहानमोठे केले तर ओळख टिकते, पण मोठा भाग कापला, त्यावर मजकूर चिकटवला किंवा ते उलटे केले तर ती चुकू शकते. म्हणून मूळ चित्राबरोबरच नेटवर फिरणाऱ्या कापलेल्या आवृत्त्यांचेही हॅश तयार करावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे खासगी संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्याने तिथे ही पडताळणी होत नाही. तसेच जी संकेतस्थळे या यादीत नाहीत, त्यांच्यावर हिचा काही परिणाम होत नाही.

त्या परदेशी संकेतस्थळासाठी आधी त्याच्याच तळाशी असलेली मजकूर हटवण्याची सोय वापरा. मोठ्या अश्लील संकेतस्थळांवर संमतीविना टाकलेल्या चित्रांसाठी वेगळा अर्ज असतो आणि अनुभव असा की अनेकदा तो मानला जातो. उत्तर नाही आले तर ते संकेतस्थळ ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेले आहे तिचा शोध 'हूइज' या नोंदवहीतून घेता येतो आणि तिच्या गैरवापर कक्षाला लिहिता येते. आणखी एक हत्यार म्हणजे स्वामित्वहक्क. छायाचित्र तिने स्वतः काढलेले असेल तर त्याचे हक्क तिचे आहेत आणि अमेरिकेतल्या सर्व्हर कंपन्या तिथल्या डीएमसीए कायद्याखालच्या नोटिशीला बहुधा लगेच प्रतिसाद देतात. फक्त अशा नोटिशीत खरे नाव द्यावे लागते, ती चढवणाऱ्याकडे पाठवली जाऊ शकते आणि काही कंपन्या नोटिसा सार्वजनिक संग्रहाला देतात. म्हणून हे हत्यार शेवटी आणि शक्यतो वकिलाच्या नावाने वापरावे.

एक इशारा. 'पैसे द्या, आम्ही सगळीकडून काढून देतो' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये एका माणसाला १८ वर्षांची शिक्षा झाली. एका संकेतस्थळावर तो लोकांची अशी छायाचित्रे टाकत असे आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून तीच काढण्याचे पैसे घेत असे. पैसे मागणारा माणूस त्याच साखळीतला नाही याची खात्री तुम्हाला कशी करता येणार?

वैदेही_नाशिक

दोघांचे मनापासून आभार. इन्स्टाग्रामच्या अधिकाऱ्याला आजच तक्रार पाठवत आहे. एक अडचण आली आहे. मूळ छायाचित्रे तिने घाबरून फोनमधून केव्हाच पुसली आहेत. मग हॅश कशाचा तयार करायचा?

कळफलक

ज्या पानावर ती दिसत आहेत तिथून तिनेच ती आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यावीत, हॅश तयार करावा आणि मग ती कुलूप असलेल्या फोल्डरमध्ये ठेवावीत. ती सज्ञान आहे आणि स्वतःचीच छायाचित्रे स्वतःजवळ ठेवत आहे, त्यात काही गैर नाही. नेटवर जी आवृत्ती फिरते आहे तिचाच हॅश झाल्याने उलट ते अधिक उपयोगी पडते. पुसलेल्या चित्रांच्या कचरापेटीतही एकदा पाहा, तिथे ती काही काळ शिल्लक असतात.

शरद_इनामदार

विषय गंभीर आहे हे मान्य करूनही मला असे वाटते की अशी छायाचित्रे मुळात काढूच नयेत आणि पाठवू नयेत, हे आपण मुलींना ठामपणे सांगायला हवे. कायदा नंतर येतो, सावधगिरी आधी.

अनघा_वकील

इनामदारकाका, आपला हेतू चांगला असेल, पण हेच वाक्य घरात ऐकावे लागेल या भीतीने मुली कित्येक आठवडे गप्प राहतात आणि त्या काळात छायाचित्रे शंभर ठिकाणी पोहोचतात. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिलेले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचे ३५४-सी, याच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे की स्त्रीने छायाचित्र काढायला संमती दिली असली, पण ते इतरांपर्यंत पोहोचवायला दिली नसली, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलुक येथील न्यायालयाने अशाच प्रकरणात एका तरुणाला ५ वर्षांची शिक्षा दिली. त्या मुलीशी त्याचे प्रेमसंबंध होते, ही गोष्ट त्याच्या कामी आली नाही. ज्या मुलीची छायाचित्रे आत्ता या क्षणी नेटवर आहेत, तिच्यासमोर सावधगिरीचा विषय काढून तिच्या हाती काही लागत नाही.

आता पोलिसांविषयी लिहिते. वैदेहीताई, तक्रार करावी असेच माझे मत आहे, पण ती कशी करावी हे आधी समजून घ्या. पहिली पायरी घरबसल्या होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचे पुढे काय झाले ते कळत नाही. म्हणून माझा सल्ला नाव देऊन, पाठपुरावा करता येईल अशा प्रकारे तक्रार नोंदवण्याचा आहे.

ठाण्यात जायची वेळ आली तर हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवायची आहे. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवली तर ३ दिवसांत सही करावी लागते. कलम ७७ च्या गुन्ह्यात पीडित स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवली पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली की तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. तक्रारीत ६६-ई, ६७ आणि ६७-ए ही कलमे नमूद करायला सांगा. ६७-ए मध्ये लैंगिक कृती दाखवणारा मजकूर प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'पाठवणे' हा शब्द नात्यातल्या त्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला मुद्दाम वाचून दाखवा, कारण पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्यात येऊ शकतो.

तिच्या भीतीला आधार नाही असे मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एका वकील महिलेचे असेच प्रकरण आले होते. चित्रफितीतला माणूस ओळखण्यासाठी सात पुरुष पोलिसांच्या समोर तिला ती पाहायला लावण्यात आली, ही गोष्ट पुढे आल्यावर न्यायालयाने अत्यंत कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली, कागदपत्रांतून तिचे नाव काढायला लावले आणि केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ४८ तासांत तो मजकूर हटवण्याचा आदेश दिला. एक शिकलेली, कायदा जाणणारी स्त्रीसुद्धा यातून सुटली नाही, हे मनाला फार लागते. म्हणून ठाण्यात एकटीने जाऊ नये, आपली लेखी तक्रार सोबत न्यावी आणि महिला अधिकारी नसेल तर ती येईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरावा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

विनय_कोल्हापूर

हा धागा वाचून धीर आला म्हणून लिहीत आहे. आमच्या घरातल्या १६ वर्षांच्या मुलाला एका अनोळखी खात्यावरून व्हिडिओ कॉल आला, त्याला कपडे काढायला लावून ते चित्रित केले आणि आता पैसे मागत आहेत. त्याने आईच्या खात्यातून एकदा पैसे पाठवलेही. वर सांगितलेली सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, मग याच्यासाठी काय? आणि मुलगा असल्याने हे कायदे त्याला लागू होतात का?

शुभांगी_समुपदेशक

विनयदादा, सर्वांत आधी आज रात्री त्या मुलाला एकटे झोपू देऊ नका आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की घरातले सगळे त्याच्या बाजूने आहेत. या वयातली मुले पैसे मागणाऱ्यापेक्षा वडिलांच्या रागाला जास्त घाबरतात. धमकावणारा याच भीतीवर जगतो. तो फार अस्वस्थ असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही आहे.

आणखी एक रुपयाही पाठवू नका. एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते, हेच मी प्रत्येक प्रकरणात पाहिले आहे. गेलेल्या पैशांसाठी १९३० वर लगेच फोन करा, कारण तो क्रमांक आर्थिक फसवणुकीतली रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्यासाठीच आहे आणि तिथे उशीर झाला की उपयोग कमी होतो. संवाद पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग त्या खात्याला ब्लॉक करा आणि मुलाच्या समाजमाध्यमांवरची मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी करा.

तो अल्पवयीन असल्याने एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. ते चित्रण घरातल्या कोणीही स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नये आणि 'पाहा हो, हे असे झाले' म्हणून काकांना किंवा शिक्षकांना पाठवू नये. बालकांचे असे चित्रण जवळ ठेवणे आणि पाठवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत फार कडक भूमिका घेतली आहे. मुलाचा फोन आहे तसा पोलिसांना दाखवावा. चित्रण काढण्यासाठी अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, १८ वर्षांखालच्या वयातल्या चित्रांसाठी आहे, जगात कुठूनही वापरता येते, आणि तिथेही हॅशच जातो, चित्र जात नाही. एखाद्या संकेतस्थळावर ते दिसलेच तर मुंबईच्या आरंभ इंडियाने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या साहाय्याने २०१६ पासून चालवलेल्या नोंदणी पानावर फक्त दुवा देऊन कळवता येते. मुंबईच्याच रती फाउंडेशनची 'मेरी ट्रस्टलाइन' ही मदतवाहिनीही अशा प्रकरणांत कंपन्यांशी बोलण्याचे काम करते. तिचा उपयोग वैदेहीताईंनाही होईल.

अनघा_वकील

विनयदादांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. पॉक्सोमध्ये बालक म्हणजे १८ वर्षांखालील कोणीही, मुलगा असो वा मुलगी, त्यामुळे त्याला पूर्ण संरक्षण आहे. खंडणी आणि धमकीची कलमेही लागतील. सज्ञान पुरुषांच्या बाबतीत मात्र कायद्यात उणीव आहे. कलम ७७ फक्त स्त्रियांच्या छायाचित्रांविषयी बोलते. पुरुषांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई, ६७ आणि ६७-ए चा आधार घ्यावा, तिथे स्त्री-पुरुष भेद नाही. आणि मजकूर हटवण्याचा जो नियम मी आधी सांगितला तो सर्वांना सारखाच लागू आहे.

मेलबर्नकर_सुजाता

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी थोडे लिहिते. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी आयुक्तांचे स्वतंत्र कार्यालय आहे आणि २०२१ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार ते कंपनीला अशी छायाचित्रे २४ तासांत काढण्याची नोटीस देऊ शकते. तिथे पोलिसांकडे आधी जावे लागत नाही. शिकायला आलेल्या एका मराठी मुलीसाठी मी तिच्याबरोबर तो अर्ज भरला. व्हिसावर काही परिणाम होईल या भीतीने ती थांबली होती, तसे काही झाले नाही. आपल्याकडेही असे एकच दार असते तर वैदेहीताईंना पाच ठिकाणी लिहावे लागले नसते, असे मला फार वाटते.

न्यूजर्सी_अभय

अमेरिकेत १९ मे २०२५ रोजी 'टेक इट डाउन' याच नावाच्या कायद्यावर सही झाली. शुभांगीताईंनी सांगितलेली सेवा वेगळी आणि हा कायदा वेगळा. वैध विनंती मिळाल्यापासून ४८ तासांत चित्र आणि त्याच्या कळलेल्या प्रती काढण्याची जबाबदारी तो कंपन्यांवर टाकतो आणि संगणकाने तयार केलेली बनावट नग्न चित्रेही त्यात येतात. ही सोय उभी करायला कंपन्यांना एक वर्षाची मुदत होती. अमेरिकी कंपनीला भारतातून पत्र लिहितानाही या कायद्याचा उल्लेख जरूर करावा.

वैदेही_नाशिक

सर्वांना कळवते. इन्स्टाग्रामवरचे खोटे खाते तक्रारीनंतर लवकरच बंद झाले. परदेशी संकेतस्थळाने पहिल्या अर्जाला उत्तर दिले नाही, पण सर्व्हर कंपनीला पत्र गेल्यावर ते पान निघाले. हॅश तिने स्वतः तयार केले, मी फक्त शेजारी बसले होते. आधी ती दिवसातून कितीदा तरी स्वतःचे नाव शोधून पाहत असे. शुभांगीताईंशी खासगी संदेशातून बोलल्यावर ते काम मी माझ्याकडे घेतले आहे आणि तिला फक्त काही नवे सापडले तरच सांगायचे, असे आमचे ठरले आहे. तेव्हापासून तिला झोप लागते. तिच्या वडिलांना तिनेच सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग ठाण्यात तेच तिच्याबरोबर गेले. महिला अधिकारी येईपर्यंत थांबावे लागले, पण छायाचित्रे कोणी पाहायला मागितली नाहीत. दुवे आणि स्क्रीनशॉट लिफाफ्यात बंद करून घेतले.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. पान निघाले तरी गूगलवर तिचे नाव टाकल्यावर त्या पानाचे शीर्षक आणि छोटे चित्र अजून दिसते. आणि तोच मजकूर उचललेले आणखी एक लहान संकेतस्थळ सापडले आहे, तिथे संपर्काचा पत्ताच नाही.

कळफलक

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मूळ पान निघून गेले असेल तर गूगलच्या 'कालबाह्य मजकूर' काढण्याच्या साधनात तो दुवा टाका, म्हणजे जुने शीर्षक आणि छोटे चित्र निघून जाईल. दुसऱ्या संकेतस्थळासाठी संमतीविना टाकलेल्या खासगी छायाचित्रांचा गूगलचा वेगळा अर्ज भरा. त्यात ज्या शब्दांनी शोधल्यावर पान दिसते ते शब्दही लिहा, कारण अर्ज मान्य झाल्यावर तिच्या नावाच्या तशाच शोधांमधून अश्लील निकाल मागे टाकण्याची आणि त्याच चित्राच्या प्रती शोधून काढण्याची व्यवस्था गूगलने २०२४ मध्ये केली आहे. स्क्रीनशॉट जोडावा लागला तर नको तो भाग झाकून जोडता येतो. बिंगवरही असा अर्ज स्वतंत्रपणे करा. यामुळे ते पान इंटरनेटवरून नाहीसे होत नाही, पण नावावरून शोधणाऱ्याला सापडेनासे होते. लहान संकेतस्थळाचे वाचक बहुतेक शोधयंत्रातूनच येतात.

अनघा_वकील

त्या दुसऱ्या संकेतस्थळाचा दुवा तपास अधिकाऱ्यांना पुरवणी जबाबात द्या आणि ते पान भारतात बंद करण्याची मागणी लेखी करा. तरीही ते टिकून राहिले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि ती नावाऐवजी 'एक्स' असे लिहून दाखल करण्याची परवानगी मागता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अशाच एका 'एक्स'च्या प्रकरणात सांगितले की एकदा काढायला लावलेला मजकूर पुन्हा वर आला तर शोधयंत्रांनी त्या स्त्रीला दरवेळी नवा दुवा घेऊन दारात यायला लावू नये, तो ओळखून रोखण्याचे तंत्र त्यांच्याकडे आहे. कंपन्यांनी त्या निकालाला आव्हान दिले आहे, तरी युक्तिवादात त्याचा उपयोग होतो. याचिकेची वेळ आलीच तर शपथपत्रात तिचा पत्ता आणि नोकरीचे ठिकाण उघड राहणार नाही, ते बंद पाकिटात दिले जाईल, हे वकिलाकडून दाखल करण्याआधीच ठरवून घ्या. कच्चा मसुदा मी तयार करून देते. तिचे नाव न लिहिता फक्त दुव्यांची यादी आणि तारखा मला खासगी संदेशात पाठवा.